औरिकाचे बूट कुणाच्या पायात

आमच्या बर्झेष्ती गावात कुणी अडचणीत असताना मदत नेमकी वेळेवर आली, की लोक म्हणतात, "औरिकाचा पास आला." दवाखान्यात रिकामी खाट मिळाली तरी औरिकाचा पास, आणि पाहुणे दारात उभे असताना शेजारणीकडून गरम पावाची टोपली आली तरी औरिकाचा पास. औरिका दोब्रित्सोयू खाणीच्या फुटबॉल संघाकडून एकोणीस वर्षं दहा नंबरच्या जर्सीत खेळला. मोठ्या शहराच्या संघाने त्याला एकदा नेलं होतं. अकराव्या दिवशी तो सकाळच्या बसने परत आला, हातात नेलेली तीच पिशवी. "तिकडे सगळे चेंडू पायात मागतात," एवढंच म्हणाला. त्याच्या मते पास पायात द्यायचा नसतो, पुढच्या पावलात द्यायचा असतो.

पण ही गोष्ट त्याची नाही. त्याचे बूट ज्यांनी सांभाळले त्या लिओंतिना मावशींची आहे.

मावशी झिऊ नदीपलीकडच्या खेड्यातून एकोणिसाव्या वर्षी खाणीच्या धुलाईघरात कामाला आल्या. वर्षभरात संघाचे कपडे त्यांच्याकडे आले आणि मग खाण बंद पडली, धुलाईघर बंद पडलं, मावशी मात्र बंद पडल्या नाहीत. आज एकाहत्तराव्या वर्षीही दर सोमवारी आमच्या जर्सी तारेवर वाळत असतात. सामना पाहायला त्या सहसा येत नाहीत. डाग बघून त्यांना सगळं कळतं. "गुडघ्याला चिखल म्हणजे मागचा खेळाडू, ढुंगणाला चिखल म्हणजे तू," असं त्या मला म्हणतात. मी लेफ्ट बॅक आहे. औरिकाची जर्सी जवळजवळ स्वच्छच यायची, म्हणून तो अंग चोरतो अशी कुजबुज होती. मावशी म्हणायच्या, "अक्कल धुवावी लागत नाही रे."

दोघांचं काहीतरी होतं असंही गावात बोललं जायचं. मावशींना कुणी विचारलंच तर उत्तर तयार असे: "मी त्याचे मोजे धुतलेत. मोजे धुतल्यावर प्रेम उरत नाही."

औरिका गेला तो एप्रिलमध्ये, गोलमागच्या त्याच्या लाकडी खुर्चीत बसल्या बसल्या. आमचा थ्रो-इन चालू होता. थ्रो-इन मी घेत होतो. मला कुणी दोष दिला नाही, पण तुझा दोष नाही असंही कुणी म्हटलं नाही. त्याला ना बायको ना पोर, त्यामुळे खुर्ची, कॉफीचं भांडं, दोन कोट आणि बूट असा सगळा संसार मावशींकडे आला. बूट काळ्या चामड्याचे, गावच्या चांभाराने मापाने शिवलेले, चार वेळा तळ बदललेले. तो खेळणं सोडून तीस वर्षं झाली होती, तरी मावशी दर महिन्याला त्यांना डुकराची चरबी चोळायच्या.

आमच्याकडे माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी त्याच्या वस्तू जिवंत माणसांना देतात. पेटत्या मेणबत्तीवरून, या हातातून त्या हातात. घेणाऱ्याने "बोग्दाप्रोस्ते" म्हणायचं, देव त्याला क्षमा करो, आणि वस्तू वापरायची. घेणारा इथे कोट घालतो, तेव्हा गेलेल्याला तिकडे ऊब मिळते. बुटांचंही तसंच. इथे जो चालेल, त्याच्या पावलांनी गेलेला तिकडे चालणार. चाळीस दिवसांत बूट कुणाच्या पायात गेले नाहीत, तर तो तिकडे अनवाणी राहिला.

तिसऱ्या आठवड्यात नगराध्यक्ष ब्रेझोयानू मावशींच्या अंगणात आले. मी तारेवरून आमचे मोजे उतरवत होतो.

"मावशी, मैदानाला औरिकाचं नाव देतोय. चाळिसाव्याच दिवशी. काचेची पेटीही केली आहे, आत दिवा लागतो. फक्त बूट हवेत."

"बूट काचेत ठेवले तर औरिका काय घालणार?"

"मावशी, एकविसावं शतक आहे."

"तिकडेसुद्धा?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोज्यांची जोडी जुळवण्यात एकदम गर्क झालो.

"गावाचा ठेवा आहे तो, मावशी. लहानपणी मी त्या खेळाडूसाठी शाळा बुडवलीय."

"दिसतंय ते," मावशी म्हणाल्या आणि बादली उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या सरावाला आल्या, बूट काखेत धरून. त्यांच्या डोक्यात पक्कं होतं, घेणारा खेळाडूच हवा. औरिका तिकडे खेळल्याशिवाय थोडाच राहणार? अडचण एवढीच की औरिकाचं पाऊल अडतीस नंबरचं. आमचा गोलकीपर गोगू सत्तेचाळीस नंबर घालतो. त्याने बूट हातात घेतला, आत तीन बोटं घातली आणि म्हणाला, "मावशी, हातमोजा म्हणून चालेल."

माझा बेचाळीस. मिडफिल्डर मुगुरेलला मात्र दहा नंबरची जर्सी हवी होती, त्यामुळे त्याने एकेचाळीसचं पाऊल दात-ओठ खात आत कोंबलं. सहा पावलं चालला आणि सातव्याला खाली बसला.

"मावशी, जरा वापरले की सैल होतील!"

"तोवर तो तिकडे लंगडेल त्याचं काय? काढ ते."

मी म्हटलं, शाळेच्या पोरांपैकी कुणाला तरी देऊ. मावशींनी मान हलवली. "पोरांचे पाय वाढतात. सहा महिन्यांत बूट माळ्यावर आणि औरिका पुन्हा अनवाणी." बायकांची पावलं अडतीस असतात, म्हणून त्या बेकरीवालीकडे गेल्या, पोस्टातल्या बाईकडे गेल्या. दोघींनी मान दिला, कॉफी दिली, आणि खिळ्यांचे बूट घालून काउंटरमागे उभं राहायला नम्रपणे नकार दिला. शेजारच्या गावात आखूड पायाचा एक स्ट्रायकर आहे असं कळलं, तर मावशी सुतळी घेऊन त्याचं पाऊल मोजायला बसने गेल्या. चाळीस निघालं. मावशी परत आल्या त्या पाय सुजवून, आणि तो सदतिसावा दिवस होता.

त्या ओट्यावर बसल्या आणि त्यांनी चपला काढल्या. बूट शेजारीच होते. माझी नजर एकदा बुटांवर गेली, एकदा त्यांच्या पावलांवर.

"मावशी, तुमचा नंबर किती?"

"अडतीस. का?"

त्यांनीच खाली पाहिलं. एकोणपन्नास वर्षं त्या बुटांना चरबी चोळणाऱ्या बाईने त्यात कधी बोटसुद्धा घातलं नव्हतं. ताट पुसणारा ताटात जेवत नाही, तसलाच काहीसा त्यांचा हिशेब असावा. चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच पडला.

"देणारी मी. घेणारी पण मीच? स्वतःलाच देऊन स्वतःच बोग्दाप्रोस्ते म्हणू? पाद्रीबाबा मेणबत्ती माझ्याच डोक्यावर फुंकतील."

"मग विधी द्या सोडून. घाला आणि फिरा."

"तसं पोचत नाही त्याला," त्या म्हणाल्या. "स्वतःला पास देता येत नाही, गाढवा. एकोणीस वर्षं तो तेच सांगत होता."

औरिकाची एक चाल सगळ्या गावाला पाठ आहे. समोर दोन बचावपटू आले, की तो संघातला सगळ्यात जड, सगळ्यात मंद गडी हेरायचा, चेंडू त्याच्याकडे द्यायचा आणि स्वतः पुढे पळायचा. चेंडू त्या गड्याला लागून आपोआप औरिकाच्या पुढच्या पावलात यायचा. याला तो 'भिंत' म्हणायचा. भिंतीला अक्कल लागत नाही, फक्त जागेवर उभं राहावं लागतं, असंही म्हणायचा.

"भिंत पाहिजे," मावशी म्हणाल्या आणि चपला घालू लागल्या. "चांगली रुंद."

सकाळी नऊ वाजता त्या नगरपालिकेत होत्या. मी सोबत गेलो, बूट धरायला. अध्यक्षांना आधी विश्वासच बसेना.

"मनापासून देताय ना, मावशी?"

"मनापासून. पण कागद करा. बूट आता गावाचे, गावातर्फे मालक तुम्ही, माझा काही हक्क नाही. शिक्का मारा."

अध्यक्षांनी दोन शिक्के मारले. बाहेर आल्यावर मी विचारलं, "आणि त्यांनी परत दिलेच नाहीत तर?"

"मग मी चुकीचं खेळले," मावशी म्हणाल्या. "पण भिंतीकडे चेंडू देताना थांबायचं नसतं. पळायचं असतं."

चाळिसाव्या दिवशी मैदानाच्या कडेला लांब टेबलं मांडली होती. मृताच्या नावाने शिजवलेला कोलिव्याचा गोड गहू साखरेच्या क्रूसाने सजवलेला, कोबीच्या पानांत गुंडाळलेलं मांस, प्लमची दारू, आणि फाटकाजवळ ती काचेची पेटी. आत दिवा लागला होता. खाली छापील पाटी: 'औरिका दोब्रित्सोयू यांचे बूट'. मला खरं सांगायचं तर बूट तिथे सुंदर दिसत होते, आणि त्यामुळेच मला मावशींची भीती वाटत होती.

पाद्री याकोबनी प्रार्थना म्हटली. मग मावशी एकेक वस्तू देऊ लागल्या. कोट गोगूला, दुसरा कोट चांभाराला, कॉफीचं भांडं बेकरीवालीला. खुर्ची मला मिळाली, त्याच गोलमागे बसायच्या अटीवर. प्रत्येकाने बोग्दाप्रोस्ते म्हटलं. टेबलावरच्या वस्तू संपल्या.

"आणि पायातलं?" पाद्रीबाबांनी विचारलं. "पायातलं कुणाला?"

"ते माझ्या हातात नाही, बाबा," मावशी शांतपणे म्हणाल्या. "बुटांचे मालक अध्यक्षसाहेब. कागद आहे."

दोनशे माना वळल्या. अध्यक्षांच्या हातातला कोबी हातातच राहिला.

"हे बघा, बूट संग्रहासाठी, म्हणजे पुढच्या पिढीला..."

"सोरिनेल!" बाकावरून अध्यक्षांची आई ओरडली. बाई सत्त्याऐंशी वर्षांची, पण आवाज खाणीच्या भोंग्यासारखा. "शाळा बुडवून त्याच्या मागे पळायचास, आणि आता त्याला अनवाणी ठेवतोस? मी गेल्यावर माझ्या चपला पण काचेत लाव हो!"

कुणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. ते पेटीकडे गेले, खिशातली इवलीशी किल्ली काढली, आणि बूट हातात घेऊन बराच वेळ नुसते उभे राहिले. मला वाटतं, त्यांनी ते पहिल्यांदाच नीट हातात धरले होते. डोळे पुसून ते वळले.

"पण देऊ कुणाला? हे येणार तरी कुणाच्या पायात?"

मावशी आपल्या जागेवर नव्हत्या. त्या दहा पावलं पुढे, रेषेच्या आत, गवतात उभ्या होत्या. चपला काढलेल्या, मोजे जाड लोकरीचे, आणि हातात मेणबत्ती.

अध्यक्षांना कळायला जरा वेळ लागला. मग ते चालत त्यांच्यापर्यंत गेले आणि मेणबत्तीवरून बूट पुढे केले. "औरिकासाठी," ते म्हणाले.

"बोग्दाप्रोस्ते." मावशी खाली बसल्या, नाड्या बांधल्या, माझा हात धरून उठल्या आणि मध्यरेषेपर्यंत एकट्या चालत गेल्या. कुणी टाळी वाजवली नाही, ते बरंच झालं. तिथून त्यांनी हाक मारली, "टाचेला जरा सैल आहेत. चालेल!"

याला दोन वर्षं झाली. मावशी बाजारात जातात तेव्हा डांबरी रस्त्यावर खिळ्यांचा आवाज आधी येतो, मावशी मागून. फरशीला चरे पडतात म्हणून बेकरीवाली तक्रार करते. काचेची पेटी रिकामी आहे, दिवा लागतो. छापील पाटीखाली अध्यक्षांनी स्वतःच्या पेनने लिहिलंय: 'वापरात आहेत.'

मागच्या महिन्यात बुटांना पाचव्यांदा तळ बसला. चांभार म्हणाला, बाई, आता घरात ठेवा, गुडघे बघा तुमचे. मावशींनी ऐकून घेतलं. रोज सहा वाजता त्या मैदानाला एक पूर्ण फेरी मारतात, गुडघा धरून, चारही कोपरे घेऊन. परवा पाऊस होता, मी म्हटलं, आजच्या दिवस राहू द्या.

"आणि तो तिकडे नुसता बसून राहू दे?" त्या नाड्या आवळत म्हणाल्या. "जाड होईल की. चल, सरक बाजूला."