आहुप्याच्या पोथीतली लोंबी

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. या सदरात बाकीचे लिहितात तसं माझ्या अनुभवात कुणी दिसलं नाही, कुणी हाकही मारली नाही. वय अठ्ठ्याहत्तर आहे, म्हणून लिहून ठेवतो.

मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात दुर्मिळ ग्रंथ विभाग सांभाळत होतो. असा संग्रह विकत घेऊन फारसा होत नाही... गावोगाव फिरावं लागतं. जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके माझ्याकडे होते. वाळवी लागेल, कसर लागेल असं सांगितलं की बहुतेक लोक पोथ्या खुशीने देत. नोंदवहीत "कशी मिळाली" असा रकाना असे, त्यात मी "भेट" लिहायचो.

आहुप्याला धोंडूबाबांकडे झाडपाल्याच्या औषधांची मोडीतली पोथी होती, त्यांच्या आजोबांनी लिहिलेली. घरात कुणालाच मोडी येत नव्हती. मी म्हटलं, फोटो काढून परत आणतो. बाबा हसले.

"न्या सायब. पण भात निघायच्या आत आणा बरं का. नवी लोंबी हिच्यावर ठिवल्याबिगर आमच्यात नवा भात खात न्हाईत. न्हाईतर पोरं तुमच्या नावानं बोंबलत बसतील!"

फोटो काढून झाले. मग तपासणी समिती यायची होती, संग्रह मोठा दिसायला हवा होता. त्यातच बाबा वारल्याचं कळलं. विचारायला कोण येणार? मी रकान्यात "भेट" लिहिलं आणि सही केली.

पोथी लाल कापडात बांधून, वेखंडाची पुरचुंडी घालून, लोखंडी कपाटात गेली. किल्ली एकच होती, ती माझ्याजवळ असायची.

त्या दिवाळीनंतर कपाट साफ करताना पोथी सोडली, तर वरच्या पानावर भाताची लोंबी होती. ताजी, देठाला निळा दोरा बांधलेली. शिपायाची गंमत असेल म्हणून टाकून दिली. पुढच्या वर्षी कपाटाला लाखेचं सील लावलं. दिवाळीनंतर सील मी स्वतः फोडलं... लोंबी होती. तिसऱ्या वर्षीही तेच. ती मी पाकिटात घालून घरी आणली. त्याच वर्षी निवृत्त झालो. त्यानंतर कपाटात काय झालं, ते मी कधी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर का विचारतोय तेही सांगावं लागलं असतं.

गेल्या कार्तिकात घोडेगावहून एस.टी.ने आहुप्याला गेलो. बाबांची सून हौसाबाई आता साठीच्या पुढे आहे. तिने ओळखलं.

"पोथीवाले सायब न्हवं? लई दिसानं वाट सापडली, राव!"

पाणी दिलं. चुलीजवळच्या कोनाड्याकडे माझं लक्ष गेलं. तिथे एक लोंबी होती, देठाला निळा दोरा.

"हे काय?"

"पोथीची जागा. ती न्हाई, मग तिच्या जागंवर ठिवतो. आज सकाळीच ठिवली. दरसाली दुपारपातूर नाहीशी व्हते."

"कोण नेतं?"

"उंदीर नेत असंल. आमचा उंदीर लई देवभोळा हाय, भाताच्या कणगीला तोंड लावत न्हाई, बरूबर हीच नेतो."

मी पाकीट काढून तिच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. "भेट" लिहिलं तेही. तिने देठावरचा दोरा नखाने उलटून पाहिला. मला वाटलं, आता शिव्या देईल.

"म्हंजे पोचत व्हती म्हणा की," ती म्हणाली. मग लोंबी पाकिटात घालत, "मामंजी म्हनायचे, सायब आणून देतील. मरस्तवर म्हनत व्हते."

जेवायला थांबा म्हणाली. मी थांबलो नाही. निघताना कोनाडा रिकामा होता. आम्ही दोघंही तिथेच बसून होतो...

परत आल्यावर विद्यापीठाला अर्ज दिला : ती नोंद खोटी आहे, खोटी नोंद करणारा मी आहे, पोथी आहुप्याला परत द्यावी. उत्तर आलं, की दात्याचं पत्र जोडा. दात्याचं पत्र नाही, कारण दाता नव्हताच, हे मी पुन्हा लिहून कळवलं आहे. यंदाचं भात निघायच्या आत निकाल लागावा, एवढंच मागणं आहे.

लोंबी तिथे कशी जायची, हे मला सांगता येत नाही. पोथी तिथे कशी गेली ते वर लिहिलं आहे, आणि त्याखाली या वेळची माझी सही खरी आहे.