चौथा नंबर

मी फौजेत नव्हते. पण पूर पथकात नऊ वर्षं खाकी घातली, आणि आम्हाला शिकवलं कोरेगावच्या एका निवृत्त सुभेदारांनी. त्यामुळे सगळं फौजेसारखंच. पुरात बायका परक्या पुरुषाचा हात धरून बोटीत चढत नाहीत, म्हणून आम्हा सहा बायकांचं पथक केलं होतं. माझी शाळा चौथीपर्यंत. दोरीच्या गाठी मात्र सगळ्या येत होत्या.

पावसाळ्यात सकाळी साडेसहाला उंब्रजला नदीकाठी फॉल-इन, म्हणजे रांग धरायची. सुभेदार म्हणायचे, "गिनती कर." प्रत्येकीनं आपला नंबर ओरडायचा. चार नंबर हुरमत मुल्लाणी, पाच मी. कुणाला उशीर झाला तर शेजारची तिचा नंबर देऊन टाकायची. सगळ्याच करायच्या.

एका वर्षी सांगलीच्या खाली एका गावात ड्यूटी लागली. दुपारी दोनला आमच्या दोन्ही बोटी भरल्या. गल्लीत कमरेएवढं पाणी. हुरमत माझ्या कानाशी आली.

"त्या घरामागं परड्यात शेळी बांधलीया. दावं सोडून आलेच. माझा नंबर दे."

"सुभेदार सोलून काढतील."

"तुझा गळा माझ्यागतच घोगरा. त्यांस्नी काय कळतंय? दे की गं."

गिनती झाली. मी चार म्हणाले, पाचही म्हणाले. या बोटीतल्यांना वाटलं हुरमत त्या बोटीत आहे, त्या बोटीतल्यांना वाटलं या. सुभेदारांनी वॉकीटॉकीवर सांगितलं, "पथक सहा. सगळे आत. निघतो." तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. पाऊण तासानं दुसरी फेरी आहेच, असं मी मनाशी म्हणाले.

दुसऱ्या फेरीला परड्याची भिंत पडलेली होती. शेळी पत्र्यावर उभी होती. हुरमत दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सापडली.

चौकशी झाली. गिनती बरोबर होती, त्यामुळे ती हुकूम मोडून बोटीतून उतरली असं लिहिलं गेलं. मी गप्प बसले. त्यानंतर गिनतीत चार कुणी म्हणत नव्हतं. तीननंतर श्वासभर थांबून मी पाच म्हणायचे.

यंदा जिल्ह्याचं नवं पथक आलं. आमचं बंद झालं. शेवटच्या सकाळी जॅकेटं, शिट्ट्या जमा केल्या. सुभेदार आता काठी टेकून उभे राहतात.

"गिनती कर."

एक. दोन. तीन. मी पाच म्हणाले नाही.

"साहेब, त्या दिवशी चार मीच म्हणले. हुरमत बोटीत चढलीच नव्हती."

ते काठी टेकत नदीकडं वळले.

"एकाच गळ्यातनं दोन नंबर आलं. मी ऐकलं हुतं. तरीबी बोट सोड म्हणलो." मग म्हणाले, "गिनती पुरी कर."

मी पाच म्हणाले. कडेगावच्या सुलाबाईनं सहा म्हटलं, हळू.

"विसर्जन." रांग मोडली.

सुलाबाई हुरमतची जिवाभावाची. नऊ वर्षं आम्ही दोघी कराडपर्यंत एकाच एसटीनं गेलो. त्या शेवटच्या दिवशी गाडी लागली तेव्हा ती म्हणाली, "तू मागनं ये," आणि चढली. खिडकीतून बघितलं नाही. मी पुढच्या गाडीनं गेले. आता पथकातलं कुणी येत नाही. मीही कुणाकडं जात नाही.

चौकशीचा कागद कुठं पडलाय मला ठाऊक नाही. म्हणून इथं लिहिते. हुरमत मुल्लाणी, चार नंबर. ती बोटीतून उतरली नव्हती. ती चढलीच नव्हती. मी तिला तोंडानं चढवलं.