कागदावरचा डाग

खिडकीत ठेवलेल्या कोऱ्या कागदावर तेलाचा डाग सकाळपासून तसाच आहे. लव्हेंडरचा वास केव्हाच उडून गेला.

अरोमाथेरपीच्या क्लासमध्ये ही परीक्षा मॅडमनीच शिकवली. अस्सल सुगंधी तेलाचा थेंब कागदावर टाकला, की मागमूस न ठेवता उडून जातो. डाग राहिला, तर त्यात साधं तेल मिसळलंय. "डाग दिसला की त्या दुकानाची पायरी पुन्हा चढायची नाही," त्या बजावायच्या.

लव्हेंडरची ही बाटली मॅडमनी स्वतःच्या हातांनी भरून दिलेली. आज सहज, सरावासाठी म्हणून थेंब टाकला होता. फोन केला तर त्या हसल्या. "अगं, लोकांना वास आला की झालं. एवढं काय मनाला लावून घेतेस?"

आवडत्या माणसाच्या वासावरच आपण खूश असतो. पारखायला कागद कधी काढतच नाही.

खिडकीतला कागद उन्हात धरला. डागापुरता कागद पारदर्शक झाला होता, पलीकडचं सगळं दिसत होतं.

उद्या क्लासमध्ये प्रमाणपत्रं वाटणार आहेत. मी ती पायरी चढणार नाही. मॅडमची एवढी एक शिकवण तरी अस्सल निघाली.