एकोडीच्या मंडपामागे

माझी बायको अनुसया आणि मी सोबत केलेलं शेवटचं काम म्हणजे चिंचा फोडणं. अंगणात मी टोले मारत होतो, ती चिंचोके काढत होती, आणि एकोडीच्या कबड्डीवरून भांडण सुरू होतं. मागच्या हिवाळ्यात आमचं सिहोरा तिथं हरलं होतं. "आपल्या धनराजचा अंगठा रेषेले लागला होता, गुन आपलाच," ती म्हणे. पाहिलं तिनं होतं, म्हणून मी मानलं. तीन दिवसांनी ताप आला आणि ती गेली.

यंदा सिहोरा पुन्हा फायनलला पोचलं. मुलगा म्हणाला, "बाबा, अजून वर्ष नाही झालं. कबड्डीले कायले जाता?"

"कोणत्या पोथीत कबड्डी मना हाये?" म्हटलं, आणि निघालो.

तुमसरला गाडी बदलली. जागा मिळाली ती चाकावरची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुंजणे (कापलेल्या धानाच्या गंज्या) उभे होते, आणि धान निघालेल्या बांध्यांमध्ये लाखोरीच्या पिकाला निळी फुलं आली होती.

"कुठी, बुवा?" कंडक्टरनं विचारलं.

"एकोडी. सिहोऱ्याची फायनल हाये."

"मंग हराले चालले म्हना."

उतरल्यावर आधी आलूबोंडा खाल्ला. रस्सा असा तिखट की डोळ्यांतून पाणी आलं. दोष मी रश्श्यालाच देतो.

आता खरं सांगतो. सामना चुरशीचा झाला की मला पाहवत नाही. छातीत धानाची गिरणी सुरू होते. शेवटची पाच मिनिटं मी दरसाल मंडपामागे मुतारीजवळ काढायचो, आणि निकाल लागला की अनुसया येऊन सांगायची. बाई दगडाच्या काळजाची, असं मी गावभर सांगत फिरलो.

यंदाही बरोबरी झाली आणि पाय आपोआप मागे गेले. तिथं पोचल्यावर समजलं, की येऊन सांगणारं आता कोणी नाही. आत नुसता कल्ला. कोणाचा, ते कळेना. म्हणून वळसा घालून बोंडेवालीकडे गेलो.

"बाई, जरा आत पाहून सांगा न, कोण पुढं हाये?"

"तेल तापून राह्यलं, भाऊजी. तुमी सिहोऱ्याचे न? तुमची मंडळी कुठी हाये?"

"गेली. उन्हाळ्यात."

तिनं झारा खाली ठेवला. "दरसाल इथंच उभी राहे ते. मंडपाकडं पाठ करून. येनाऱ्या-जानाऱ्याले विचारे, काय झालं. मंग पदरानं तोंड पुसून तुमच्याकडं जाये. म्हने, त्याईले वाटते मी पाहून राह्यली."

"अन् धनराजचा अंगठा?"

"कोनता अंगठा?"

मी माझ्या गेलेल्या म्हातारीला एक शिवी घातली. चांगली, आमच्या गावची. मग आत गेलो आणि जागा मिळाली तिथं बसलो.

"बुवा, ते माही मांडी हाये," शेजारचा अनोळखी माणूस थोड्या वेळानं म्हणाला.

"राहू द्या," मी म्हटलं. पकड सोडली नाही.

गुण बरोबर, शेवटची चढाई धनराजची. नुसता परत आला असता तरी वाढीव वेळ मिळाला असता. पण येडा कोपऱ्यात घुसला. दोघांनी पाय धरले, दोघं पाठीवर बसले, तरी गडी घसटत निघाला. हात रेषेपासून वीतभर राहिला आणि शिट्टी झाली. एका गुणानं हरलो. मी डोळे एकदाही मिटले नाहीत.

परतीच्या गाडीत हिशेब लागला. इतकी वर्षं आम्ही दोघं धक्के खात एकोडीला गेलो, आणि एकाही चुरशीच्या सामन्याचा शेवट दोघांपैकी कोणी पाहिला नव्हता. ती माझ्यासाठी येत होती. मी समजत होतो, मीच तिला नेतो. कंडक्टर तोच होता. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तुमसरचं तिकीट फाडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा मांडला आणि ती बसायची त्या बाजूला तोंड करून बसलो. रिकाम्या जागेशी बोलणाऱ्यांना मी आजवर हसत आलो. हरलो, हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे तिच्या जिवाला घोर नको. मग शेवटची चढाई पहिल्यापासून सांगितली.