ट्रॅक्टरची झालर

आमचा पहिला ट्रॅक्टर मी ऐन कामात बंद पाडला, आणि तोही झालर शिवून. घरात हे सगळ्यांना माहीत आहे. आता तुम्हालाही सांगून टाकते, म्हणजे लपवायची कटकट संपली.

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. मी तेव्हा चौपन्न वर्षांची, म्हणजे तशी अल्लडच. गंगापूर रोड शहर सोडून शेतांत शिरतो, तिथे आमची तीन एकर द्राक्षबाग. हे सातपूरच्या कारखान्यात पाळीवर जायचे, बाग मी बघायची. छोटा ट्रॅक्टर घ्यायचं ठरलं तेव्हा हे म्हणाले, "चालवायचा तुला, तूच पसंत कर."

झालं! शोरूममध्ये दोन ट्रॅक्टर उभे होते. दोन्ही वेलींच्या ओळींतून सहज जातील इतके अरुंद. एकाचं इंजिन बाजूंनी उघडं, नळ्या, पट्टे सगळे चारचौघांत. दुसरा लालभडक, नखशिखांत पत्र्याने झाकलेला, घरंदाज. विकणारा बिचारा प्रामाणिक होता. उघड्याकडे बोट दाखवून म्हणाला, "काकू, हा घ्या. यात सगळं हाताशी आहे. जाळी काढा, ऑइल बघा, साधा पानासुद्धा लागत नाही."

"मी काय मिस्त्री आहे?" असं म्हणून मी लाल ट्रॅक्टरवर हात ठेवला. मुलाला मुलगी बघावी तसा बघितला होता मी तो. रंग बघितला, नाकडोळे बघितले, स्वभावाची चौकशी शून्य.

स्वभाव नंतर कळला. पुढच्या जाळीत सारखा पाला आणि धूळ अडकायची. ती साफ करायची तर आधी चार स्क्रू, मग वरचा पत्रा, मग बाजूचे. मी आपली आज करू, उद्या करू. दसऱ्याला पूजेसाठी ट्रॅक्टर धुतला, झेंडूची माळ घातली आणि त्या जाळीवर जुन्या शालूच्या तुकड्याची, जरीकाठाची दुपदरी झालर शिवून बांधली. धूळ आत जायला नको, आणि शोभाही येईल! दुसऱ्या दिवशी माळ उतरवली, झालर राहू दिली. शेजारच्या दोघी ती बघायला आल्या. मी त्यांना माप लिहून दिलं.

आठवडाभरात आभाळ भरून आलं. वेलींवर नुकते कोवळे घड निघाले होते. अशात पाऊस लागला की डावणीचा रोग येतो आणि घड बघता बघता काळे पडतात. पावसाच्या आधी सगळ्या बागेवर औषध मारायलाच हवं होतं. मी पदर खोचून निघाले. अर्धी बाग झाली आणि मधल्याच ओळीत ट्रॅक्टरने वाफ सोडली आणि मान टाकली.

मी कारखान्यात फोन केला, तसे हे पाळी सुटल्यावर सातपूरच्या एका मिस्त्रीला मोटरसायकलवर मागे बसवूनच आले. मिस्त्रीने ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली आणि समोर येऊन थांबला.

"भाभी, ये क्या? ट्रॅक्टरला घुंगट?"

"धुळीसाठी," मी म्हणाले.

"धूळ थांबली, बरोबर. हवा पण थांबली ना! साँस कुठून घेणार बिचारा?"

हे एकदम ढग मोजायला लागले, म्हणजे मला हसू दिसायला नको.

झालर चुटकीसरशी निघाली. पण तिच्यामागची जाळी पाल्याने गच्च होती, आणि तिच्यापर्यंत पोचायला ते घरंदाज पत्रे एकेक करून उतरवावे लागले. शेवटचा पत्रा बसवतोय तोच टपोरे थेंब आले. उरलेल्या ओळींना औषध मिळालंच नाही. त्यांचे घड त्या वर्षी गेले.

आता बाग सून बघते. या वर्षी नवा ट्रॅक्टर घ्यायचा ठरला तेव्हा ती म्हणाली, "आई, आभाळ आल्यावर मला मिस्त्रीची वाट बघत बसायचं नाही. तुम्ही चला बरोबर."

शोरूममधला मुलगा उत्साही. "आजी, यात मोबाइल चार्ज होतो."

"होऊ दे. जाळी काढून दाखव."

"ते आमची सर्व्हिसची माणसं येऊन करतात."

"पाऊस त्यांना विचारून येतो का रे?"

दुसऱ्याचीही तीच कथा. तिसरा ट्रॅक्टर कोपऱ्यात होता, शेवाळलेल्या टाकीच्या रंगाचा. त्याची जाळी मी बांगड्यांसकट एका हाताने वर ओढून काढली. ऑइलची पट्टी उपसली आणि चक्क पदराला पुसली. सुनेने डोळे मिटून घेतले. सुटे भाग जवळच्या गिरणारे गावातल्या साध्या दुकानात मिळतात का, आसपास कोणाकडे हा ट्रॅक्टर जुना होऊनही चालतोय का, तेही खोदून विचारलं. मग सुनेला म्हटलं, "आता तू कर." चहा येईपर्यंत तिने जाळी काढून, झटकून, परत बसवलीसुद्धा. तोच घेतला.

घरी आणल्यावर मी अंगणात त्याच्यासमोर उभी राहिले. काम चोख, पण रूप? न राहवून म्हणाले, "पुढून जरा भुंडाच दिसतो, नाही?"

सून हळदीकुंकवाचं ताट घेऊन येत होती, ती जागीच थांबली.

"आई, ट्रॅक्टर तुमच्या पसंतीने आला. आता दसरा होईपर्यंत तुमचं शिलाई मशीन माझ्या खोलीत राहील."