विमलताईंची इमारत

विमलताई कुणाच्याही घरी गेल्या, की चहाआधी उदबत्ती मागायच्या. घरातल्या बायकांना वाटे, बाई फार श्रद्धाळू आहे. विमलताई मात्र उदबत्ती पेटवून खोलीच्या मधोमध उभ्या राहत आणि धूर कुठे जातो ते डोळे बारीक करून बघत. मग फर्मान निघे, "खाट फिरवा. वारा तिकडून येतो नि तुम्ही डोकं इकडे करून झोपता. उकडणारच की!" महाडात आमच्या आळीतल्या निम्म्या खाटा त्यांनी अशा फिरवल्या होत्या.

त्या मूळच्या बिरवाडीजवळच्या बौद्धवाडीतल्या. वडील महाडच्या कोर्टात बेलिफ असल्यामुळे शाळा इथेच झाली, पुढे मुंबईत इंजिनिअरिंग. ऐंशीच्या सुमारास त्या मुंबईच्या एका कंपनीत मोठ्या इमारतींसाठी वातानुकूलनाची आखणी करत. त्या विभागात बाई म्हणून त्या एकट्याच.

मी हायस्कुलात चित्रकला शिकवायचो आणि त्यांच्या आईच्या शेजारी राहायचो. एका उन्हाळ्यात आईचं मांडीचं हाड मोडलं आणि विमलताई कामासकट महाडला येऊन राहिल्या. एसटीच्या टपावरून नकाशांच्या गुंडाळ्या उतरल्या. मुंबईत समुद्रकाठी एक उंच, आलिशान इमारत व्हायची होती.

"सर, सुट्टीच आहे ना? तुमचा ड्रॉइंग बोर्ड आणि तुम्ही, दोन्ही मला हवेत," त्या म्हणाल्या.

आईच्या खाटेशेजारीच बोर्ड मांडला. विमलताई हिशेब करत, मी रेघा ओढत असे. खिडकी पश्चिमेला आहे का, काच केवढी, जेवणावळीला माणसं किती बसणार, सगळं त्यांना लागे. "बसलेला माणूस म्हणजे एक पेटलेला बल्ब धरायचा, सर. तेवढी गरमी तो देतोच." आईला बघायला आळीतल्या बायका जमल्या, की त्या ओरडत, "आये, फार बल्ब झाले गो, खिडकी उघडते!" डोक्यावरचा पंखा निम्मा वेळ वीज नसल्याने बंद. आम्ही घाम पुसत त्या श्रीमंतांच्या घरातला गारवा आखत होतो आणि याचं त्यांना भारी हसू यायचं.

एके दिवशी मात्र त्या हसेनात. बिल्डर शेठचा आग्रह होता, की प्रत्येक फ्लॅटचं यंत्र मागच्या बाजूला बसवावं आणि त्याची गरम हवा मागच्या बंदिस्त चौकात सोडावी. घरकाम करणाऱ्यांच्या खोल्यांच्या खिडक्या नेमक्या त्याच चौकात उघडत होत्या. विमलताईंनी दुसरा मार्ग काढला होता. गरमी पाण्यात घ्यायची, पाइपांनी गच्चीवर न्यायची आणि तिथे उघड्यावर सोडायची. पण त्यासाठी प्रत्येक दिवाणखान्याचा एक कोपरा पाइपांना जाणार होता.

"गरमी मरत नाही, सर, ती फक्त घर बदलते," त्या म्हणाल्या. "ती कुणाच्या घरी पाठवायची, हे आपण ठरवतो."

बाजारातल्या औषधाच्या दुकानात त्यांच्या साहेबांचा ट्रंक कॉल आला. शेठ म्हणतील तसं करा; हे काम हातचं गेलं तर तुमच्या नोकरीचंही मी सांगू शकत नाही. विमलताई परत आल्या, गार पाण्याने तोंड धुतलं आणि गच्चीवरच्या पाइपांचाच नकाशा पुढे ओढला.

गोव्याला जाता जाता शेठ स्वतः महाडला उतरले. पांढरा सफारी घामाने अंगाला चिकटलेला. आईने पडल्या पडल्या त्यांना कोकम सरबत द्यायला लावलं. विमलताईंनी मागच्या खोल्यांचं सांगितलं.

"अहो बाई, त्या लोकांना सवय असते," शेठ म्हणाले.

"शेठ, माझी मावशी अशाच खोलीत राहिली. तिला कधीच सवय झाली नाही."

शेठनी सरबत संपवून ग्लास खाली ठेवला. मग विमलताईंनी माझा जाड कागद गुंडाळून उभं नळकांडं केलं, कात्रीने एकावर एक खिडक्या कापल्या आणि तळाशी मूठभर उदबत्त्या पेटवून धरल्या. "हा मागचा चौक. वाका, सगळ्यात वरच्या खिडकीशी." शेठ वाकले आणि खोकत मागे झाले.

"खालच्या सगळ्यांची गरमी अशी वर चढणार. वरचं यंत्र तीच हवा ओढणार, धापा टाकणार आणि वरचा फ्लॅट गार होणार नाही. वरचा फ्लॅट कुणाचा?"

"माझा," शेठ म्हणाले. डोळे पुसून त्यांनी पाइपांचा नकाशा मागितला. "मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"आधी सांगितलं ते माझं कारण. हे तुमच्यासाठी."

क्षणभर मला वाटलं, संपलं सगळं. पण शेठ मोठ्याने हसले आणि दुसरा ग्लास सरबत मागून बसले. काम विमलताईंच्याच नकाशाप्रमाणे झालं.

पुढे इमारत उभी राहिल्यावर मी मुंबईला गेलो, तेव्हा विमलताई हौसेने ती दाखवायला घेऊन गेल्या. दिवाणखाने बघायचे सोडून त्या मला थेट मागच्या जिन्याने वर घेऊन गेल्या. एका छोट्या खोलीचं दार उघडं होतं. मध्यम वयाच्या एक बाई खिडकीशी बसून तांदूळ निवडत होत्या. बोलण्यावरूनच आपल्याकडच्या कळल्या; पोलादपूरच्या निघाल्या.

"या, बसा. हितं बरा वारा हाय," त्यांनी चटई पसरली. "तुमी कुठल्या गो?"

"मी महाडची."

"मंग गाववालीच की! काम काय करता?"

विमलताई खिडकीतून आत येणाऱ्या वाऱ्यात जरा थांबल्या. "हवेचं काम करते, मावशी."

"हवेचं?" मावशींचा तांदळातला हात थांबला. "हवेचं कसलं काम गो? ती तर आपली आपन येते."

विमलताईंना इतकं हसू आलं, की डोळ्यांतून पाणी आलं. हसता हसताच त्या मान डोलावत राहिल्या, "होय मावशी, आपली आपणच येते," आणि चटईवर मांडी घालून मावशींच्या सुपातले तांदूळ निवडू लागल्या.