लाखेच्या सीलचं नारिंगी जाकीट

देवानं पाऊस पाठवला तरी तो मंजूर नमुन्याप्रमाणे आहे की नाही, हे तपासल्याशिवाय अंगावर घेणार नाही असा माणूस उभ्या वैनगंगेच्या काठावर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला मोठा साडू म्हणून आला.

आमचे हे भाऊ तालुक्याच्या पंचायत समितीत भांडार सांभाळत. शाळेची बाकं, अंगणवाडीची भांडी, रस्त्यावरचे दिवे, खरेदीत येईल ते सगळं त्यांच्या हातून जाई. निविदा मंजूर झाली की पुरवठादार एक नमुना आणून देई. त्याला सुतळी बांधायची, गाठीवर लाख ओतून शिक्का मारायचा आणि तो कपाटात ठेवायचा. नंतर माल आला की नमुन्याशेजारी ठेवून तपासायचा. हे काम सहीपुरतं उरकणारे पुष्कळ असतात. भाऊ बाकावर बसत, उठत, पुन्हा बसत, आणि मग कचेरीतल्या सगळ्यात वजनदार माणसाला बोलावून बसवत. बादली पाण्यानं भरून दिवसभर टांगून ठेवत. एकदा शाळांसाठी घंटा आल्या, तर त्यांनी एकूणएक वाजवून पाहिल्या. शेजारच्या शाळेतली पोरं दप्तरं उचलून घरी गेली. मुख्याध्यापक भांडायला आले, तेव्हा भाऊ समाधानानं म्हणाले, "म्हणजे आवाज तिथवर पोचते. लिहून देता काय?"

घरीसुद्धा तोच कारभार. वांगी घ्यायची तर तीन दुकानांचे भाव विचारल्याशिवाय पिशवी उघडायची नाही. जेवायला उशीर झाला की ताईंना, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, विचारत, "मुदतवाढीचं कारण?" ताई म्हणत, "गॅस संपला, लिहून घ्या." मुलीच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. स्थळ ठरलं तेव्हा मुलाच्या फोटोवर मागच्या बाजूला मुलाचीच सही घेऊन ठेवली होती. मांडवात नवरदेव आल्यावर खिशातून फोटो काढला, चष्मा चढवला, एकदा फोटोकडे, एकदा नवरदेवाकडे पाहिलं आणि भटजींना म्हणाले, "तफावत नाई. चालू करा." आम्ही हसून हसून बेजार झालो. जावई मात्र आजही त्यांच्यासमोर ताठ बसतो.

त्यांच्या या सवयीला मी वर्षानुवर्षं हसलो, आणि एका पावसाळ्याआधी तिच्याशी माझीच गाठ पडली. माझी शाळा नदीच्या अलीकडे. पलीकडच्या टोलीवरून, म्हणजे वस्तीवरून, अठरा पोरं डोंग्यानं येत. आदल्या वर्षी भर पाण्यात डोंगा कलला, पोरं थोडक्यात वाचली. तेव्हा पंचायत समितीनं पाण्यात तरंगणारी जाकिटं घ्यायचं ठरवलं. गावानंही ठरवलं की जाकिटं येईपर्यंत एकही पोर डोंग्यात बसणार नाही. शाळा उघडायच्या तोंडावर माल आला. नारिंगी, चकचकीत, मोठी-लहान दोन्ही मापांची. मी आनंदानं तालुक्याला गेलो, तर भाऊ भांडारात नव्हतेच. ते तलावावर होते.

तलावावर म्हणजे अक्षरशः तलावात. अंगात पँट-शर्ट, खिशाला पेन, वरून नारिंगी जाकीट, आणि पोहायचा गंध नाही. तलावाच्या पाळीवर ढिवरांची चार माणसं जाळं सोडून बघत उभी होती. अर्धा तास भाऊ म्हशीसारखे निवांत तरंगले. मग हळूहळू हनुवटी पाण्याला लागली, मग नाक. ढिवरांनी ओढून काढलं. भाऊंनी जाकीट पिळलं, त्यातून बादलीभर पाणी निघालं. "पाह्यलं? नमुना सील करायच्या आधी अर्धा दिवस पाण्यात टाकला होता, तो नाई बुडला. हे पाणी पिऊन राह्यलं."

साहेबांनी सही करायला सांगितली होती. पुरवठादार चकरा मारत होता. आणि त्यांच्यात मीही सामील झालो, हे कबूल केलं पाहिजे. मी म्हणालो, "भाऊ, काहीच नसल्यापेक्षा हे बरं ना! पोरांची शाळा बुडते."

भाऊ केस पुसता पुसता थांबले. "गुरुजी, काहीच नसलं तं पोरगं काठाले बसून राह्यते. हे घातलं तं ते पाण्यात उतरते."

मी रागानं निघून आलो. माल परत गेला. नवा यायला दीड महिना लागणार होता. पलीकडच्या काठावर पोरं रोज सकाळी येऊन उभी राहत आणि मला हात करत. ते बघवत नसे.

आठवड्यानं भाऊ भर पावसात घाटावर हजर. हातात पिशवी, पिशवीत मोठ्या मापाचं जाकीट. पट्ट्याला सुतळीचा तुकडा लोंबत होता आणि त्यावर फुटलेली लाख. सगळ्या नोकरीत ज्या माणसानं मुदतीआधी एकही सील फोडलं नव्हतं, त्यानं ते फोडलं होतं.

"हा नमुना आहे. एकच आहे," ते म्हणाले. "पोरायले येता येत नाई, तं गुरुजीनं जावं." आणि लगेच दोन प्रतींत पावती पुढे केली, 'तात्पुरत्या वापरासाठी'. मी पावसात सही केली. आषाढभर शाळा सुटली की मी ते जाकीट घालून पलीकडे जाई आणि समाजमंदिराच्या ओसरीत अठरा पोरांना शिकवी. नवा माल आला, भाऊंनी एकेक जाकीट तलावात तपासलं, आणि पोरं अलीकडे आली.

नमुना माझ्याकडेच राहिला. त्याच वर्षी भाऊ निवृत्त झाले, पण दर आषाढात मला त्यांचं पत्र येई: 'नमुना परत करणेबाबत स्मरणपत्र'. मी उलट टपाली मुदतवाढ मागे. आम्हा दोघांचा हा सण होता.

यंदा पत्र आलं नाही. भाऊ आता फार विसरतात. ताई सांगतात, कधीकधी मुलीचं नावही आठवत नाही. मला राहवलं नाही. मीच अर्ज लिहिला, 'मुदतवाढ मिळणेबाबत', आणि घेऊन गेलो. भाऊंनी माझ्याकडे अनोळखी नजरेनं पाहिलं. मग अर्ज घेतला, चष्मा चढवला, दोनदा वाचला, आणि खिशाशी हात नेऊन पेन शोधू लागले. ताईंनी पेन दिलं. त्यांनी समासात शेरा लिहिला:

'मंजूर. पोरं मोजून न्यावी, मोजून आणावी.'